नमस्कार, हे नागोया बोलतंय!

टोकियो आणि क्योटोच्या मध्ये बुलेट ट्रेनच्या खिडकीतून सटकन निघून जाणारं शहर. पण जपानमधल्या खासगी रेडिओचा पहिला आवाज इथूनच निघाला. हवेतल्या चार अक्षरांचा माग काढत केलेली ही नागोयाची भटकंती…

जपानला जाणाऱ्यांची लिस्ट ठरलेली असते. टोकियो, फुजी, क्योटो आणि सुट्टी उरलीच तर हिरोशिमा. नागोया? "ते स्टेशन लागतं ना मध्ये?" बस्स, एवढीच ओळख!

गंमत म्हणजे खुद्द जपान्यांचीही तीच तऱ्हा. त्यांच्याकडे यासाठी चक्क एक शब्द आहे: 'नागोया-तोबाशी'. म्हणजे नागोयाला टांग मारून पुढे जाणं. परदेशी बँडचा दौरा टोकियोत होतो, ओसाकात होतो, मधलं नागोया गायब. हे प्रकरण सगळ्यात जास्त गाजलं ते १४ मार्च १९९२ ला. त्या दिवशी 'नोझोमी' ही नवी सुपरफास्ट शिंकान्सेन सुरू झाली आणि तिची सकाळची पहिली गाडी नागोयात थांबायचीच नाही. क्योटोतही नाही, पण क्योटोला काय, अख्खी दुनिया येते. नागोयावाल्यांना मात्र ते चांगलंच झोंबलं. १९९७ मध्ये ही पद्धत बंद झाली. आज प्रत्येक नोझोमी नागोयाला थांबते. शब्द मात्र अजून जिवंत आहे.

मी तिथे गेले ते प्रोजेक्टसाठी. सहा महिने ऑनसाइट. आमच्या टोकियोच्या टीमने फेअरवेलला तोंड पाडून विचारलं, "तिथे वीकेंडला करणार काय?" मी हसले. मी मूळची जळगावची. "म्हणजे भुसावळच्या अलीकडे की पलीकडे?" हा प्रश्न पुण्यात पहिल्या नोकरीपासून ऐकतेय. केळी, सोनं, वांग्याचं भरीत असा सगळा पाढा म्हणून दाखवला, की मग समोरच्याचा चेहरा जरा उजळतो. मधल्या शहरांचं दुःख मला कुणी वेगळं समजावून सांगायला नको होतं!

लंच टाइममधला खजिना

नागोयाच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या डेस्कवरचा मुलगा एकदम अबोल. दिवसभर कोड, संध्याकाळी "ओत्सुकारेसामा" म्हणून गायब. एकदा लंचला सहज विचारलं, "तुझी हॉबी काय?" तर पठ्ठ्याने लॅपटॉपच उघडला. फोल्डरमागून फोल्डर. जुन्या व्हिडिओ टेप्सवरून उतरवलेल्या छोट्या छोट्या क्लिप्स. टीव्ही स्टेशन पहाटे सुरू होताना आणि रात्री बंद होताना जे दाखवतात ते. बाकी काही नाही!

जपानमध्ये याचे दर्दी आहेत, बरं का. ते याला 'ओपी-सीएल' म्हणतात, ओपनिंग-क्लोजिंगचा शॉर्टफॉर्म. एकेका स्टेशनची कुठल्या वर्षी कुठली क्लिप होती, संगीत कधी बदललं, लोगो कधी बदलला, सगळं तोंडपाठ. पोस्टाची तिकिटं जमवण्यासारखाच प्रकार, फक्त हवेतला.

या क्लिप्सचा साधारण साचा असा. आधी रंगीत पट्ट्या आणि कानात घुसणारा 'टूंSSS' आवाज. ते दर्शकांसाठी नसायचं, इंजिनिअरसाठी आणि टीव्ही रिपेअर करणाऱ्यासाठी असायचं, यंत्र आणि सेट जुळवून घ्यायला. मग संगीत. मग त्या भागातली दृश्यं: डोंगर, समुद्र, किल्ला, सणाची मिरवणूक. मग स्टेशनची इमारत, ट्रान्समिशनचा टॉवर, आणि शेवटी पडद्यावर अक्षरं. स्टेशनचं नाव, चॅनलचा नंबर, ट्रान्समीटरची ताकद आणि कॉल साइन. डोंगराळ भागातली स्टेशनं तर कधीकधी आपल्या सगळ्या रिले केंद्रांची यादीच दाखवत. कुठल्या खोऱ्यात कुठल्या नंबरवर दिसणार, त्याची. ज्या गावाचं नाव एरवी टीव्हीवर येण्याची सुतराम शक्यता नाही, ते गाव रोज पहाटे दोन-तीन सेकंद पडद्यावर!

इथे मी अडकले. कारण ही नुसती शोभा नाही. जपानच्या कायद्यानुसार प्रसारण सुरू करताना आणि संपवताना स्टेशनने आपली ओळख सांगायलाच हवी. मधल्या वेळातही ठरावीक अंतराने सांगायची. कॉल साइन म्हणजे स्टेशनची हवेतली नंबर प्लेट समजा. आता नंबर प्लेट कोण सजवतं? पण या लोकांनी सजवली. टोकियोच्या निप्पॉन टेलिव्हिजनने २८ ऑगस्ट १९५३ ला जपानमधला पहिला खासगी टीव्ही सुरू केला, तेव्हापासून त्यांच्या ओळखीत कबुतर आहे. एनएचके रात्री बंद होताना राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीत दाखवायची. आणि टोकियोबाहेरच्या स्टेशनांनी काय केलं? आपलं गाव दाखवलं.

ए फॉर नागोया

आता थोडी अक्षरांची गंमत. जपानमधल्या स्टेशनांच्या कॉल साइन 'जे-ओ'ने सुरू होतात. खरी ओळख पुढच्या दोन अक्षरांत. २२ मार्च १९२५ ला टोकियोत जपानचा पहिला रेडिओ सुरू झाला, तो जे-ओ-ए-के. त्याच वर्षी १ जूनला ओसाका, जे-ओ-बी-के. आणि १५ जुलैला नागोया, जे-ओ-सी-के. ए, बी, सी! शाळेतल्या हजेरीसारखं. नागोयाचा नंबर तिसरा.

लोकांनी या अक्षरांवर प्रेमही केलं. ओसाकाच्या एनएचकेला आजही 'बीके' म्हणतात आणि त्याचा फुलफॉर्म म्हणून ओसाकावाले थट्टेने सांगतात, 'बानबा-चो नो काडो', म्हणजे बानबा-चोच्या कोपऱ्यावरचं! पत्ताच झाला की.

मग आलं १९५१. युद्धात बेचिराख झालेला देश उभा राहत होता. १९५० मध्ये नवे कायदे आले आणि एनएचकेशिवाय इतरांनाही प्रसारणाची वाट मोकळी झाली. पहिला खासगी रेडिओ कोण सुरू करणार? कुणीही म्हणेल, टोकियो. पण नाही! १ सप्टेंबर १९५१, सकाळी साडेसहा. चुबु निप्पॉन होसो, म्हणजे सीबीसी, नागोया. त्याच दिवशी दुपारी बारा वाजता ओसाकाचं स्टेशन सुरू झालं, उमेदाच्या हानक्यू डिपार्टमेंट स्टोअरच्या गच्चीवरच्या स्टुडिओतून. टोकियोला मात्र नाताळापर्यंत थांबावं लागलं.

आणि सीबीसीची कॉल साइन काय? जे-ओ-ए-आर. ए! सव्वीस वर्षांपूर्वी सी मिळालेल्या शहराला या वेळी ए मिळाला. माझा शेजारचा अबोल मित्र हे सांगताना पहिल्यांदाच मोठ्याने बोलला. आजूबाजूच्या दोन टेबलांवरची डोकी वळली, म्हणजे बघा!

ज्याच्या शेपटीला टॉवर अडकला

पुढच्या शनिवारी आम्ही निघालो 'सी' आणि 'ए'च्या वाटेवर. साकाए हा नागोयाचा एफसी रोड, कॅम्प आणि लक्ष्मी रोड एकत्र. त्याच्या मधोमध हिसाया-ओदोरी, शंभर मीटर रुंद रस्ता. युद्धात शहर जळून गेल्यावर प्लॅनरांनी मुद्दाम इतका रुंद ठेवला, की पुन्हा आग लागली तर ती पलीकडे जाऊ नये. आज त्याच्या मध्ये बाग, कॅफे, दुकानं आणि टॉवर.

१८० मीटर उंचीचा हा टीव्ही टॉवर १९५४ मध्ये उभा राहिला. टोकियो टॉवरच्या चार वर्षं आधी! डिझाइन त्याच इंजिनिअरचं, ताचू नाइतो यांचं. एकाच टॉवरवरून अनेक स्टेशनांचं प्रसारण ही जपानमधली पहिलीच सोय. एनएचके, सीबीसी आणि तोकाई टीव्हीची चित्रं इथूनच घराघरात जायची. सीबीसीचा टीव्ही सुरू झाला १ डिसेंबर १९५६ ला, चॅनल नंबर ५.

आणि शहर खरंच मोठं झाल्याची पावती? १९६४ च्या 'मोथ्रा विरुद्ध गॉडझिला' सिनेमात गॉडझिलाची शेपटी या टॉवरला अडकते आणि टॉवर कोसळतो. नागोया-तोबाशी वगैरे ठीक आहे, पण गॉडझिला तरी थांबला ना!

९० मीटरवरच्या गॅलरीतून खाली पाहिलं की बाजूला ओएसिस २१ चं काचेचं छत दिसतं. वर पाणी खेळवलेलं, एखादी उडती तबकडी उतरल्यासारखं. त्याला लागूनच एनएचकेची इमारत, तीच जे-ओ-सी-के. सीबीसीची इमारतही इथून चालत जाण्याइतकी जवळ. अर्ध्या तासाच्या फेरफटक्यात अख्ख्या शहराचा आवाज कुठून निघतो ते कळतं.

पुराच्या रात्री

नागोयात सकाळी कॉफी घेणं म्हणजे एक संस्कार आहे. त्याला 'मॉर्निंग' म्हणतात. किस्सातेनमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीच्या कॉफी हाउसमध्ये, एक कॉफी मागवा. तिच्याबरोबर टोस्ट आणि उकडलेलं अंडं त्याच पैशात. टोस्टवर गोड लाल चवळीचा लगदा घेतला तर तो ओगुरा टोस्ट. आपल्या पुरणाची आठवण हमखास!

माझ्या फ्लॅटखालच्या किस्सातेनची मालकीण सत्तरीच्या पुढची. तोंडाने ओबासान म्हणायचे, मनात आजीच. तिच्या काउंटरवर कायम रेडिओ चालू. एकदा मी कौतुकाने जे-ओ-ए-आरची सगळी स्टोरी तिला सांगितली. तिने कप पुसता पुसता इतकंच म्हटलं, "आमच्या घरात पाणी आलं तेव्हा शेजाऱ्यांचा रेडिओ बॅटरीवर होता."

२६ सप्टेंबर १९५९. इसे-वान वादळ. इसेच्या आखातातून समुद्र शहराच्या दक्षिण भागात घुसला. बंदरावर साठवलेले लाकडाचे प्रचंड ओंडके पाण्याबरोबर वाहत आले आणि घरांवर आदळले. मृत आणि बेपत्ता मिळून पाच हजारांवर माणसं. आधुनिक जपानने वादळात इतकी माणसं कधी गमावली नव्हती. या वादळानंतरच १९६१ मध्ये देशाचा आपत्ती निवारणाचा मूळ कायदा झाला.

वीज गेलेली. टीव्ही असूनही काही उपयोग नाही. अशा काळोखात बॅटरीच्या रेडिओवर कुणीतरी आपल्या शहराचं नाव घेतं. टोकियोचं नाही, आपलं. ओबासान तेव्हा लहान होती. बातम्यांतलं तिला काही आठवत नाही. "ते स्टेशन नाव सांगायचं ना, मग आई म्हणायची, अजून आहेत."

अजून आहेत! त्या क्षणी मला या सगळ्या क्लिप्सचा अर्थ लागला. डोंगर, किल्ला, मिरवणूक ही नुसती सजावट. मूळ वाक्य एवढंच: आम्ही आहोत, इथे आहोत.

मला आमचं घर आठवलं. जळगावला पहाटे आजोबा रेडिओ लावून ठेवायचे. आधी खरखर, मग आकाशवाणीची ती ट्यून. १९३० च्या दशकात युरोपातून मुंबईत आलेल्या वॉल्टर कॉफमन यांनी बांधलेली ती धून देशभर एकच. पण त्यानंतर निवेदक 'जळगाव केंद्र' म्हणायचे, आणि तेवढ्यापुरतं आमचं गाव दिल्ली-मुंबईच्या रांगेत जाऊन बसायचं.

लांडगा, निळा पडदा आणि जी

मग या क्लिप्स गेल्या कुठे? सोपं आहे. रात्र संपली! १९७३ च्या तेल संकटात वीज वाचवायला रात्रीचं प्रसारण लवकर गुंडाळलं जायचं. पण ऐंशीच्या दशकाच्या शेवटी उलटी लाट आली. टीव्ही रात्रभर चालू राहू लागला. जो दुकान बंदच करत नाही, तो शटर कशाला उघडेल? ओपनिंग-क्लोजिंग मेंटेनन्सच्या रात्रींपुरतं उरलं.

ओळख दाखवायच्या तऱ्हाही बदलल्या. १ एप्रिल २००३ पासून नागोया टीव्हीने स्वतःला 'मे~तेरे' म्हणवून घ्यायला सुरुवात केली. 'मे~' हा जपानी कानांना मेंढीचा आवाज, म्हणून त्यांचा मॅस्कॉट आहे मेंढीचं कातडं पांघरलेला लांडगा, वुल्फी! एकदम हटके. लोगो, मॅस्कॉट, गोंडस स्टिकर. कॉल साइन मात्र कोपऱ्यात.

२४ जुलै २०११. जपानमधलं अ‍ॅनलॉग प्रसारण संपलं. त्याच वर्षीच्या भूकंपाने आणि त्सुनामीने झोडपलेल्या इवाते, मियागी, फुकुशिमाला तेवढी ३१ मार्च २०१२ पर्यंत मुदत मिळाली. बाकी देशात दुपारी बारा वाजता कार्यक्रम थांबले, पडद्यावर निळी सूचना आली आणि मध्यरात्रीपर्यंत सिग्नल बंद. माझ्या मित्राने तो दिवस घरी टीव्हीसमोर बसून काढला होता. कॉलेजात होता तेव्हा. "आई म्हणाली, निळा पडदा काय बघतोस?" तो हसत सांगत होता, पण पुरता हसत नव्हता.

त्या दिवसापासून साकाएचा टॉवर टीव्हीसाठी रिकामा झाला. डिजिटल सिग्नल आता शेजारच्या सेतो शहरातल्या २४४.७ मीटरच्या टॉवरवरून येतो. साकाएच्या टॉवरमध्ये २०२० मध्ये हॉटेल उघडलं. २०२१ मध्ये नाव बदलून 'चुबु इलेक्ट्रिक पॉवर मिराई टॉवर' झालं. २०२२ मध्ये तो देशाचा महत्त्वाचा सांस्कृतिक वारसाही ठरला. म्हणजे कामावरून रिटायर आणि मानाने फोटोत!

आणि आमचा लाडका ए? सीबीसीने रेडिओ आणि टीव्ही अशा दोन कंपन्या वेगळ्या केल्या. जे-ओ-ए-आर रेडिओकडे राहिलं. २०१४ पासून टीव्हीची कॉल साइन झाली जे-ओ-जी-एक्स. १९५६ पासून टीव्हीसोबत असलेलं ए गेलं, जी आलं. किती जणांच्या लक्षात आलं असेल? माझा मित्र म्हणाला, "निदान माझ्या तरी."

आता ऐकणारे फोनवर ऐकतात. रादिको हे अ‍ॅप तुम्ही कुठे आहात ते ओळखतं आणि तिथली स्टेशनं पुढे करतं. लोगोवर बोट ठेवलं की झालं. नाव सांगायची गरजच काय? पुढचा धक्काही ठरलेला आहे. जपानमधल्या ४७ पैकी ४४ खासगी एएम स्टेशनांनी २०२१ मध्ये जाहीर केलं, की २०२८ च्या शरद ऋतूपर्यंत एफएम स्टेशन व्हायचा त्यांचा विचार आहे. सीबीसी त्या ४४ मध्ये आहे. त्यांचे कार्यक्रम २०१५ पासून एफएमवर ९३.७ वरही लागतात.

पण म्हणून एएमवर ऐकायचंच ठरवलं. इथली एएम स्टेशनं साधारणपणे रविवारी मध्यरात्रीनंतर काही तास झोपतात आणि सोमवारी पहाटे उठतात. ओबासानचा जुना रेडिओ उसना आणला. पहाटे अंधारात, पांघरुणात, काटा १०५३ वर. खरखर. अचानक एक पोकळ शांतता, म्हणजे ट्रान्समीटर सुरू झाला. मग संगीत. मग बाईंचा स्वच्छ आवाज आणि त्यात सुटी सुटी चार अक्षरं. माझं जपानी तोवर यथातथाच, पण हे वाक्य शब्दन्‌शब्द कळलं.

खाली रस्त्यावर दूधवाल्याची व्हॅन थांबली होती. सोमवार होता, नऊ वाजता क्लायंट कॉल होता, आणि टोकियोतल्या टीमला मी मेसेज टाकला: "इथे वीकेंडला वेळ पुरत नाहीये!"

नागोयाला जाताय?

• टोकियोहून नोझोमीने साधारण १ तास ४० मिनिटं. क्योटोहून ३५ मिनिटं. तेव्हा 'वाटेत उतरायला वेळ नाही' ही सबब चालणार नाही!

• सबवेने साकाएला उतरा. टॉवर, ओएसिस २१ आणि हिसाया-ओदोरी पार्क सगळं पायी होतं. टॉवर संध्याकाळी बघा, दिवे लागताना.

• सकाळी किस्सातेनमध्ये मॉर्निंग, दुपारी मिसो कात्सू आणि खिसा परवानगी देत असेल तर एकदा हित्सुमाबुशी. भातावरचा हा भाजलेला ईल मासा तीन तऱ्हांनी खायचा असतो: आधी नुसता, मग मसाला घालून, शेवटी वरून गरम रस्सा ओतून.

• छोटा एएम रेडिओ बॅगेत टाका. सोमवारी पहाटे जाग आली तर १०५३ लावा. २०२८ पर्यंत वेळ आहे. नाही म्हणता म्हणता तो निघून जाईल.